प्रदर्शनात खरं गिऱ्हाईक कोण?

दिवाळीच्या दीड-दोन महिने आधीपासून फोनवर एक ठरावीक जाहिरात येऊ लागते. फिकट रंगाची पार्श्वभूमी, कोपऱ्यात एखादं पान, मधोमध मजकूर: 'हस्तकलेचा उत्सव. स्टॉल बुकिंग सुरू. मोजक्याच जागा शिल्लक.' खाली गूगल फॉर्मची लिंक. तुम्ही क्रोशाच्या पिशव्या विणत असाल, टेराकोटाचे कानातले करत असाल, साबण, मेणबत्त्या, वह्या, काहीही, तर अशा पाच-सात जाहिराती तुम्हाला रोज दिसत असणार. आता त्याच प्रदर्शनाची 'या, बघा, विकत घ्या' असं सांगणारी जाहिरात किती वेळा दिसली, ते आठवून बघा.

या दोन जाहिरातींच्या प्रमाणातच सगळं आलं. आपल्या शहरांतल्या बहुतेक खासगी हस्तकला प्रदर्शनांचा धंदा हस्तकला विकण्याचा नाहीच. तो टेबलं विकण्याचा आहे. टेबल विकत घेणारे आपण, म्हणजे आपणच त्यांचं गिऱ्हाईक. जे लोक संध्याकाळी पोराबाळांना घेऊन फिरायला येतात, ते आयोजकाच्या दृष्टीने सजावट आहेत. आले तर फोटो चांगले येतात, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीला उपयोगी पडतात.

(भीमथडी किंवा महालक्ष्मी सरससारख्या जत्रांमागे संस्था असते, सरकार असतं, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्याबद्दल भांडायला दुसरी कारणं आहेत, पण ती पुन्हा कधीतरी.)

आता माझा हिशेब सांगते. मी दोऱ्याने शिवलेल्या वह्या करते. कागद दुमडायचे, टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, पुठ्ठ्यावर कापड खळीने चिकटवायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. सुकण्याचा वेळ सोडला तर एका वहीला दीड तास लागतो. सामानाचे दीडशे रुपये होतात, विकते साडेचारशेला. म्हणजे वहीमागे तीनशे. ऐकायला बरं वाटतं.

आता दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं नऊ हजार धरा. हा आकडा उदाहरणापुरता. जागा बघून तो याच्या निम्माही असू शकतो आणि दुप्पटही. नऊ हजार भागिले तीनशे, झाले तीस. पहिल्या तीस वह्या आयोजकाच्या. पंचेचाळीस तासांचं काम मी त्याच्यासाठी आधीच करून ठेवलेलं असतं. माझी कमाई एकतिसाव्या वहीपासून सुरू होते. दोन दिवसांत चाळीस वह्या गेल्या, तर त्याला आमच्यात 'चांगला सेल झाला' असं म्हणतात. चांगला म्हणजे किती? साठ तासांचं शिवणकाम, वर दोन दिवस उभं राहणं, आणि हाती तीन हजार. टेम्पो, जेवण, ज्यादा दिव्याचे पैसे, दुसऱ्या खुर्चीचे वेगळे पैसे, सगळं त्यातूनच.

आयोजकाला मात्र मी चाळीस विकल्या काय आणि चार विकल्या काय, फरक पडत नाही. त्याचे पैसे महिनाभर आधी यूपीआयने पोचलेले असतात आणि फॉर्मच्या शेवटच्या ओळीत 'कोणत्याही कारणास्तव भाडं परत मिळणार नाही' असं लिहिलेलं असतं. एका वर्षी शनिवारी दुपारी अवकाळी पाऊस आला. मैदानाचा चिखल झाला, मांडवातून पाणी गळत होतं, माझ्या समोरच्या बाईच्या हाताने रंगवलेल्या ओढण्या भिजून एकमेकींचा रंग घेऊन बसल्या. रात्री गटावर आयोजकांचा संदेश आला: निसर्गापुढे कुणाचा इलाज चालत नाही, उद्या नव्या उमेदीने भेटू. निसर्गाने फक्त आमच्याच बाजूच्या टेबलावर पाऊस पाडला होता, असं दिसतं.

आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी बाईसुद्धा जागेची पावती फाडते. पण ती रक्कम दिवसाच्या विक्रीच्या मानाने चिमूटभर असते, आणि मंगळवारचा बाजार मंगळवारी भरतो हे पंचक्रोशीला ठाऊक असतं. गर्दी तिथे आधीपासून आहे. इथे गर्दी आणण्याचं आश्वासन हाच विकायचा माल आहे, आणि तो नाही मिळाला तर तक्रार कुठे करायची? तक्रार केली की उत्तर येतं, 'सेल नाही झाला तरी एक्स्पोजर मिळालं ना!' या एक्स्पोजरने घरभाडं भरता येत असतं, तर निदान ते तरी भरलं असतं.

भाडं उंच असणं हे दुखणं आहेच, पण त्यातून जे पुढचं घडतं ते जास्त वाईट आहे. आयोजकाची कमाई फक्त टेबलांच्या संख्येवर ठरत असेल, तर टेबलावर काय मांडलंय याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही. जो फॉर्म भरेल आणि पैसे पाठवेल, तो 'हस्तकलाकार'. मग भुलेश्वरच्या किंवा दिल्लीच्या सदर बाजारच्या घाऊक दुकानातून आणलेले तेच ऑक्सिडाइज्ड झुमके एकाच मैदानात पाच स्टॉलवर दिसतात. तोच मोर, तेच तीन घुंगरू. वर पाटी: 'हँडमेड विथ लव्ह'.

तो माल विकणाऱ्या बाईवर माझा राग नाही. तीही घर चालवतेय, तिनेही तेवढंच भाडं भरलंय. घाऊक माल आणून विकणं हा प्रामाणिक धंदा आहे. खोटी आहे ती प्रवेशद्वारावरची कमान. आणि त्या खोटेपणाची किंमत कोण मोजतं, हेही बघा. झुमकेवालीच्या मालात तिचे तास गुंतलेले नसतात. शंभर नग संपले तर ती रात्रीतून आणखी शंभर मागवते. तिला ते भाडं पेलतं. जिच्या मालात तास आहेत, तिच्याकडे शंभर नग नसतातच. म्हणजे 'हस्तकला' नावाच्या प्रदर्शनाचं भाडंच असं बेतलेलं आहे की हाताने काम न करणाऱ्याला ते परवडावं. दोन-तीन हंगाम गेले की विणणारी, शिवणारी माणसं गळतात, मोर आणि घुंगरू उरतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, 'शेजारी असंच दोनशेला आहे, तुम्ही का साडेचारशे लावता?' त्याचं काय चुकलं? त्याला दोन्ही टेबलांवर एकच शब्द लिहिलेला दिसतो.

तपासणी अशक्य असते, असं आयोजक सांगतात. अशक्य नसते. केंद्र सरकारचं हस्तकला विकास आयुक्तांचं कार्यालय कारागिरांना ओळखपत्र देतं. १९९४मध्ये सुरू झालेल्या 'दिल्ली हाट'मध्ये नोंदणी असलेल्या कारागिरांना पाळीपाळीने साधारण पंधरा दिवसांसाठी गाळे मिळतात. दुसऱ्याच्या कार्डावर व्यापारी बसतात, ही तिथली जुनी तक्रार आहे. पण तिथे निदान तक्रार तरी होऊ शकते, कारण मोडायला एक नियम आहे. आपल्याकडच्या वीकेंड मार्केटांत नियमच नाही, त्यामुळे तो कुणी मोडतही नाही. मेणबत्त्या आणि वह्या करणाऱ्या शहरी पोरींना सरकारी कार्ड लागू पडेलच असं नाही, हे मान्य. मग कामाच्या जागेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागा. अर्धवट विणलेली पिशवी दाखवायला सांगा. इन्स्टाग्रामवर फॉलोअर किती, हे विचारायला फॉर्ममध्ये जागा असते, मग हे विचारायलाही होईल.

आयोजकांची बाजूही ऐकायला हवी. मैदानाचं भाडं, मांडव, जनरेटर, महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी, रात्रीचा पहारा, हे सगळं खर्चाचं असतं. खरं आहे. पण माझ्याही कागदाला खर्च येतो आणि त्याचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून वही विकली गेल्यावरच घेते, 'वही आवडली नाही तरी पैसे आधी' असं म्हणत नाही. धंदा म्हटला की धोका आला. प्रश्न एवढाच, की सगळा धोका टेबलाच्या एकाच बाजूला का? मूळ भाडं कमी ठेवा आणि विक्रीवर टक्केवारी घ्या. विक्रेते विक्री लपवतील, ही भीती वाटत असेल तर पैसे घेण्याचा काउंटर एकच ठेवा. हस्तकलेच्या मोठ्या दुकानांत तसंच चालतं. ज्या दिवशी आयोजकाचे पैसे माझ्या विक्रीला बांधले जातील, त्या दिवशी तो आपोआप बाहेर पडून गिऱ्हाईक शोधू लागेल, आणि पाच ठिकाणी एकच मोर त्यालाही खुपू लागेल.

टक्केवारी म्हणजे रामबाण नव्हे. २००५मध्ये हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार म्हणून सुरू झालेल्या 'एट्सी'ने २०१३मध्ये बाहेरच्या कारखान्यांकडून माल करून घ्यायला परवानगी दिली आणि एप्रिल २०२२मध्ये आपलं कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली ऑनलाइन दुकानं बंद ठेवली. कमिशन काही कमी झालं नाही. पण वाढ किती, हा आकडा सगळ्यांना दिसत होता, म्हणून सगळ्यांना एकत्र ओरडता तरी आलं. आमच्याकडे एकाच रांगेतल्या दोन टेबलांचं भाडं वेगवेगळं असतं आणि ते एकमेकींना सांगायचं नाही असा अलिखित संकेत असतो.

आता कोल्हापुरीबद्दल. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्राडा'ने कोल्हापुरीसारख्या चपला मॉडेलांच्या पायात घातल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपले फोन तापले. २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, सगळं सगळ्यांना तोंडपाठ झालं. त्या रागाचा उपयोगही झाला. कंपनीला प्रेरणा कुठून घेतली ते मान्य करावं लागलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. उत्तम. पण 'काम कुणाचं आणि नाव कुणाचं?' हा प्रश्न मिलानला विचारून झाला असेल, तर आपल्या घराजवळच्या मैदानातही विचारूया.

तिथल्या कोल्हापुरीच्या स्टॉलवर देखण्या अक्षरांत एका ब्रँडचं नाव असतं. कार्डावर संस्थापकांचा फोटो असतो. चामड्याची वेणी ज्या बाईने घातली, तळ ज्या माणसाने वादीने शिवला, त्यांचं नाव खोक्यावर, लेबलवर, कुठेच नसतं. ते स्वतः का येत नाहीत? कारण फॉर्म इंग्रजीत आहे, त्यात इन्स्टाग्राम हँडल लिहिणं सक्तीचं आहे, भाडं आगाऊ आहे, आणि पुण्या-मुंबईत दोन रात्री राहायचं कुठे याचं उत्तर कुणाकडे नाही. त्यांच्यासाठी शब्दही वेगळा आहे. शहरातली आम्ही माणसं 'आर्टिस्ट', 'मेकर', 'फाउंडर'. ते 'कारागीर', आणि तेही अनेकवचनात: 'आमचे कारागीर'. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावलं आणि शिवलं, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या हाताचा विटाळ मानला. आज त्याच हातांच्या कामाला 'हेरिटेज' म्हणून चौपट किंमत लावताना माणसाचं नाव पुन्हा वेशीबाहेरच ठेवलं जातंय.

आणि हे फक्त चपलांपुरतं नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी पिशव्या गल्लीतल्या ताईंकडून नगावर शिवून घेतात आणि लेबलवर 'मी बनवलेलं' लिहितात. शिवून घ्या, त्यात वाईट काही नाही. ताईंचं नाव लिहा आणि नगाला किती दिले तेही लिहा. तेवढं लिहायला लाज वाटत असेल, तर दर वाढवा.

विकत घेणाऱ्यांनो, तुम्ही घासाघीस करू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त मॉलमधल्या पट्टीसमोर मान खाली घालणारी माणसं क्रोशाच्या टेबलापाशी येऊन एकदम बाजार समितीतले अडते होतात, याची गंमत वाटते. 'किती कमी कराल?' याच्याआधी 'याला किती वेळ लागला?' हे विचारून बघा. जिने केलंय ती लगेच सांगेल, आणि थांबवणं कठीण जाईल एवढं सांगेल. जिने केलेलं नाही ती छपाई केलेलं कार्ड पुढे करेल.

गेल्या हंगामापासून आम्ही सात-आठ जणींनी एक साधा तक्ता सुरू केलाय. प्रदर्शन, दिवस, भाडं, प्रत्येकीची विक्री, घाऊक मालाचे स्टॉल किती, पाऊस आला तर पैसे परत मिळाले का, स्वच्छतागृह होतं का. भाडं एकमेकींना न सांगण्याचा संकेत पहिल्याच दिवशी मोडला, तेव्हा कळलं की एकाच रांगेत तिघींनी तीन वेगवेगळे दर दिले होते. तक्ता गटाबाहेर फिरायला लागल्यावर दोन आयोजकांनी आपलं नाव त्यातून काढायला सांगितलं. आम्ही काढलं नाही. तिसऱ्याने फोन करून विचारलं, भाडं निम्मं केलं आणि विक्रीवर दहा टक्के घेतले तर याल का? जानेवारीत जाणार आहोत. त्या दहा टक्क्यांचा हिशेब कुणी आणि कसा ठेवायचा, यावरून सध्या गटात जोरदार भांडण चालू आहे.