भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

वडिलांची पेढी बंद होते, ऑफिसची जागा सोडायची वेळ येते, वाडा बिल्डरकडे जातो. मग माळ्यावरून एक काळा, जड डबा खाली येतो. नंबर फिरवायचा टेलिफोन, नाहीतर ओळीनं खटके असलेला इंटरकॉम. घरातला एकजण म्हणतो, "द्या भंगारात." दुसरा म्हणतो, "अँटिक आहे, लाखभर कुठं गेले नाहीत." माझं ऐकाल, तर दोघांनाही थोडं थांबवा.

आधी अँटिकचं बघू. आपल्याकडच्या 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षांचं वय लागतं, आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं 1882 साली हे खरं, पण घराघरांत सापडणारे बहुतेक फोन 1948मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे, म्हणजे आयटीआयचे. ते ढिगानं निघाले, त्यामुळे लाखाची स्वप्नं नकोत. हँडल फिरवून घंटी वाजवायचा लाकडी भिंतफोन किंवा काळा सोडून दुसऱ्या रंगाचा बेकेलाइटचा फोन हाती लागला, तर मात्र घाई न करता जाणकाराला दाखवा.

विकत घेणाऱ्यांनी उलटी काळजी घ्यावी. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नक्षीदार, चकचकीत पितळी फोन 'ब्रिटिशांच्या काळातला' म्हणून पुढं केला जातो. डायलच्या भोकात बोट घालून फिरवा. फिरतच नसेल आणि आत बटणं लागत असतील, तर तो शोभेचा नवा माल. खऱ्या डायलवर शून्य फिरवून सोडा. शून्याचे दहा ठोके, सेकंदाला दहा या वेगानं, म्हणजे साधारण सेकंदाभरात डायल एका लयीत जागेवर यायला हवी. अडखळली तर भाव पाडून मागा. मग फोन उलटा करा. खालचा पत्रा, त्यावरचे शिक्के, रिसीव्हरची मूळ कापडी वायर आणि आतल्या दोन घंट्या शाबूत असतील, तर किंमत आहे. बाहेरची चमक कोणीही आणू शकतो.

या चमकेपायी मी स्वतः एक फोन वाया घालवला. काळ्या बेकेलाइटवर पांढुरके डाग होते, म्हणून पॉलिशपेपर मारला. बेकेलाइटच्या आत लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला असतो आणि झळाळी फक्त वरच्या पातळ थरात असते. तो थर गेला, भुसा उघडा पडला आणि फोन राखाडी झाला, तो कायमचाच. तेव्हा ओलसर मऊ फडकं, फार तर किंचित मेण, एवढ्यावर थांबा. रंग देऊ नका, पाण्यात बुडवू नका, उन्हात वाळवू नका.

इंटरकॉमला भाव कमी मिळतो, म्हणून तो आधी भंगारात जातो. पण त्याच्या खटक्यांखालच्या कागदी पट्ट्या वाचा. शाईनं लिहिलेलं असतं: साहेब, कॅश, गोडाऊन, गेट. म्हणजे त्या ऑफिसात कोण कोणाला हाक मारू शकत होतं, याचा तो नकाशाच. ती पट्टी खरवडली की उरतो फक्त डबा. फोनच्या डायलच्या मधल्या कागदी चकतीचंही तसंच. तिच्यावर मुंबईचा सहा आकडी नंबर दिसला, तर तो आठ आकडी नंबरांच्या खूप आधीचा, हे कोणी न सांगताही कळतं.

एक सक्त सूचना. विजेवर चालणारा जुना इंटरकॉम 'बघू तरी चालतो का' म्हणून प्लगला लावू नका. आतले कंडेन्सर खराब झालेले असतात, वायरचं रबर बोट लावताच गळून पडतं. जुने रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर गाठा. फोन मात्र आजच्या लाइनवरही कधीकधी चालतो. नाहीच चालला, तर डायलच्या ठोक्यांचं टोनमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी मिळते.

भाव ठरवताना विकणारा काय मागतो ते सोडा, तसाच नग खरोखर कितीला गेला ते विचारा. आणि विका किंवा ठेवा, त्याआधी एक काम करा. एका चिठ्ठीवर लिहा: हा कुठल्या पेढीवर होता, कोणत्या टेबलावर, नंबर काय, कोण उचलायचं. चिठ्ठी दोऱ्यानं फोनला बांधा. भंगारवाला तांब्या-पितळेचं वजन करील, दुकानदार शिक्के बघेल. पण "गोडाऊन"चा खटका दाबला की पलीकडून कोण बोलायचं, हे त्या दोघांनाही ठाऊक नसतं. ते सांगू शकणारी माणसं घरात आहेत, तोवर विचारून घ्या.