शितावरून प्रोग्रामची परीक्षा होत नाही

‘सगळ्या टेस्ट पास झाल्यात’ हे वाक्य आपल्याकडे शपथेवर सांगितल्यासारखं ऐकवलं जातं. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. प्रोग्रामचं तसं नसतं. हजार इनपुट बरोबर निघाले, तरी हजार-एकाव्याबद्दल काहीच कळत नाही.

जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च वर्षानुवर्षं जगभर चालत होता. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी त्यातली चूक जाहीर केली. यादी एक अब्जाच्या पुढे गेली, की दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊन चक्क ऋण होऊ शकत होती. एवढी मोठी यादी टेस्टमध्ये घेतो कोण?

यावर उपाय आहे, आणि तो अकरावीच्या गणितात आहे: इंडक्शन. हास्केलसारख्या फंक्शनल भाषेत एकदा दिलेली किंमत मागून बदलत नाही. त्यामुळे बीजगणितासारखं समानाच्या जागी समान ठेवता येतं. ‘यादी दोनदा उलटवली की मूळ यादी मिळते’ हे रिकाम्या यादीसाठी दाखवा. मग एक घटक वाढवला तरी ते टिकतं हे दाखवा. झालं. कितीही लांबीच्या यादीसाठी सिद्ध.

‘हे प्राध्यापकांचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी कॉम्पसर्ट पाहावा. झेवियर लरॉय आणि सहकाऱ्यांनी हा सी भाषेचा कंपायलर कॉकमध्ये लिहिला आणि सिद्ध केला. २०११ साली युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी आपोआप तयार केलेले प्रोग्राम देऊन अनेक कंपायलरची झडती घेतली. तीनशेहून अधिक चुका सापडल्या. कॉम्पसर्टमध्येही काही सापडल्या, पण जो भाग सिद्ध केलेला नव्हता त्यात! सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड तयार करणारी एकही नाही.

सिद्धता महाग आहे, हे खरं. सेल-फोर या कर्नलच्या सुमारे ८,७०० ओळींसाठी माणसांची कित्येक वर्षं खर्ची पडली. शिवाय काय सिद्ध करायचं हेच चुकीचं लिहिलं, तर सिद्धताही वाचवत नाही. म्हणून जेवण मागवायच्या ॲपमधल्या बटणाचा रंग कुणी सिद्ध करू नये. पण आपले पैसे इकडून तिकडे नेणारा, औषधाची मात्रा ठरवणारा कोड? तिथे ‘परवडत नाही’ म्हणणारे खर्च वाचवत नाहीत, तो आपल्या माथी मारतात.

तेव्हा कुणी ‘टेस्ट पास’ म्हणालं, तर एवढंच विचारा: तपासले किती, आणि राहिले किती?