‘सॅकेड’ म्हणजे हिसका

वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकतात, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात ते क्षणभर थांबतात, उडी मारतात, पुन्हा थांबतात. सेकंदाला अशा ३-४ उड्या. या उडीला विज्ञानात ‘सॅकेड’ म्हणतात. नाव भारदस्त; पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लगामाला दिलेला हिसका! १९व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत डोळ्यांचे हे हिसके अभ्यासले गेले आणि घोडेस्वारांचा शब्द शास्त्रात आला. १९१६ मध्ये रेमंड डॉज यांनी तो इंग्रजीत आणला.

आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. ‘पारिभाषिक शब्दावली’ घोकली. अर्थ पुष्कळदा परीक्षेनंतर उमगला. तीच चूक आमच्या वर्गांत होऊ नये. व्याख्या लिहून देण्याआधी शिक्षकांनी शब्दाचे कुळ सांगावे, त्याला घरचा शब्द जोडून द्यावा. पाच मिनिटे जातील, पण घोकंपट्टी टळेल. पालकांनीही ‘पाठ झाले का?’ याऐवजी ‘याला आपण घरी काय म्हणू?’ असे विचारावे. विश्वस्त मंडळास विनंती, की कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या हाताशी ठेवावा. कपाटात कुलूपबंद नको.