यंत्राचे पाय आणि आमच्या पायऱ्या

इ. स. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये पहिला कोण आला, हे आज फार थोड्यांना सांगता येईल. शेवटी कोण आले, हे मात्र पुष्कळांच्या स्मरणात आहे. क्लेअर लोमस ह्या इंग्लिश घोडेस्वार बाईंना २००७ साली एका स्पर्धेत अपघात झाला. पाठीचा कणा मोडला आणि छातीखालचे शरीर लुळे पडले. त्यानंतर पाच वर्षांनी, २२ एप्रिल रोजी, ह्या बाई पायांना यंत्र बांधून आणि हातांत कुबड्या घेऊन शर्यतीच्या आरंभरेषेवर उभ्या राहिल्या. रोज थोडे थोडे चालत ८ मे रोजी त्यांनी बेचाळीस किलोमीटरांचे अंतर पुरे केले. शर्यत त्याच दिवशी संपवली पाहिजे, ह्या नियमामुळे त्यांना पदक मिळाले नाही. तेव्हा इतर अनेक धावपटूंनी आपापली पदके त्यांना देऊ केली. नियम पाळणाऱ्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. परंतु पदके देणाऱ्यांचे अंतःकरण नियमाहून मोठे होते, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही. लोमसबाई २०२४ साली निवर्तल्या. त्यांच्या त्या संथ चालीने जगाच्या मनात जी आशा उत्पन्न केली, ती मात्र अद्याप ओसरलेली नाही. म्हणूनच ह्या आशेचा थोडा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. मनुष्याचा सांगाडा शरीराच्या आत असतो, खेकड्याचा बाहेर. यंत्रज्ञांनी खेकड्याचा हा धडा गिरवून माणसासाठी एक बाह्यसांगाडा तयार केला आहे. कंबर आणि गुडघे ह्या सांध्यांपाशी विजेच्या मोटारी, त्यांना चालवणारी बॅटरी, आणि शरीराचा तोल कोणीकडे झुकला हे ओळखणारे संवेदक, अशी त्याची रचना असते. अंगावर यंत्र चढवलेल्या माणसाने कुबड्यांच्या आधाराने धड किंचित पुढे झुकवले की यंत्र एक पाऊल टाकते. पुन्हा झुकवले की दुसरे. लोमसबाईंनी वापरलेले 'रीवॉक' हे यंत्र अमित गोफर ह्या इस्रायली अभियंत्याने निर्माण केले. १९९७ साली अपघात होऊन गोफर ह्यांची मान दुखावली आणि चारही अवयव अधू झाले. त्यांनी हे यंत्र सिद्ध केले. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते घरी व समाजात वापरण्यास अनुमती दिली. दैवगती अशी की, ह्या यंत्राला कुबड्या पेलणारे हात लागतात आणि गोफर ह्यांच्या हातांत तेवढे बळ उरलेले नव्हते. हजारो मैलांवरच्या अपरिचितांना त्यांनी उभे केले. परंतु आपल्याच यंत्रात ते स्वतः चालू शकले नाहीत. पुढे त्यांनी माणसाला उभे करून नेणारी चाकांची खुर्ची बनवली, ती आपल्यासारख्यांसाठी.

गीतेच्या ध्यानश्लोकांत पांगळ्याने पर्वत ओलांडण्याची कल्पना आहे. जे काम आमच्या पूर्वजांनी ईश्वरी कृपेकडे सोपवले होते, त्याचा एक लहानसा अंश मनुष्याने स्वतःच्या बुद्धीने साधला, ह्याचा आनंद मानू नये इतके आम्ही अरसिक नाही. तथापि कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. हे यंत्र तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही. ते पायांना हलवते, पायांत प्राण आणत नाही. यंत्र उतरवले की मनुष्य पुन्हा खुर्चीवर. त्यातही ते वापरण्यास हात बळकट हवेत, हाडे ठिसूळ झालेली नसावीत, उंची व वजन ठराविक मर्यादेत असावे, आणि घरी वापरताना शिकवून तयार केलेला एक माणूस बरोबर असावा. मज्जारज्जूलाच विजेची चेतना देऊन पायांत हालचाल जागवण्याचे प्रयोग स्वित्झर्लंडमधील लोझान येथे चालू आहेत. २०२३ साली तेथील शास्त्रज्ञांनी मेंदू आणि मज्जारज्जू ह्यांच्यामध्ये संगणकाचा पूल बांधून एका रुग्णास चालवले. ती वाट निराळी आहे आणि कदाचित अधिक दूर जाणारी आहे. परंतु ती अजून प्रयोगशाळेच्या अंगणातच आहे.

मग यंत्राने जीवन किती सुधारते? अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ह्या प्रश्नाची रीतसर परीक्षा घेतली. १६१ अपंग माजी सैनिकांचे दोन गट केले. एकाला खुर्चीबरोबर यंत्रही दिले, दुसऱ्याला केवळ खुर्ची. २०२४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मनःस्वास्थ्य आणि जीवनमान ह्यांच्या मुख्य मोजमापांत दोन्ही गटांत लक्षणीय अंतर पडले नाही. यंत्र निरुपयोगी ठरले, असा ह्याचा अर्थ करणे चूक होईल. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येणे, ह्याचे मोल कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. परंतु चालता येऊ लागले म्हणजे अपंगाचे सगळे दुःख सरले, हा आपला समज ह्या परीक्षेत टिकला नाही, हे मान्य केले पाहिजे. २००४ साली अमेरिकेत मज्जारज्जू दुखावलेल्या ६८१ जणांना 'तुम्हांला सर्वप्रथम काय परत हवे?' असे विचारण्यात आले होते. ज्यांचे हात अधू होते, त्यांनी पहिली निवड हातांची केली; ज्यांचे पायच अधू होते, त्यांनीही चालण्याला अग्रस्थान दिले नाही, वैवाहिक सुखाला दिले. मलमूत्रावरचा ताबा हीही अनेकांची मोठी मागणी होती. आपण त्यांच्या पायांकडे पाहत होतो. ते निराळेच काही सांगत होते.

हा दोष काही अंशी आपल्या भाषेतही आहे. मुलगा मिळवता झाला की तो 'स्वतःच्या पायावर उभा राहिला' असे आपण म्हणतो. स्वावलंबन आणि पाय ह्यांची सांगड आपण इतकी घट्ट घातली आहे की, पाय गेले म्हणजे कर्तृत्वही गेले, असे मनोमन धरून चालतो. अनुभव ह्याच्या विरुद्ध साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेला सैनिक काही महिन्यांचा सोबती समजला जाई. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा दाह त्याचा घास घेत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन ह्या जर्मनीतून परागंदा झालेल्या डॉक्टरने कोणते दिव्य यंत्र आणले? काही नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलवायची, मूत्रमार्ग निर्जंतुक राखायचा, आणि रिकामे पडू न देता कामाला व खेळाला लावायचे, एवढाच त्यांचा मंत्र. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनला ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर अपंग सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे मूळ तेच. त्याच परंपरेत १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्याचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले जवान. त्यांच्या पायांना कोणतेही यंत्र नव्हते. पोहायला तलाव होता, शिकवायला माणसे होती आणि उतरण्याची संधी होती.

येथे आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीस वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकाचा पेशा करीत होतो. आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा मे महिन्याच्या सुटीत गावी आंब्याच्या झाडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. दिवाळीनंतर त्याचे वडील त्याला पाठुंगळीस मारून शाळेत आणू लागले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. महिनाभर त्या माणसाने मुलाला पाठीवर घेऊन ते जिने चढले. पुढे कामाची पाळी बदलली आणि येणे थांबले. आम्ही घरी भेटीस गेलो. 'शास्त्र झपाट्याने पुढे जात आहे, एक दिवस तू खात्रीने चालशील,' असे सांगून आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो म्हणाला, 'सर, तोवर वर्ग खाली नाही का आणता येणार?' तळमजल्यावर चित्रकलेची खोली होती; आठवड्यातील निम्मे दिवस तिला कुलूप असे. ही गोष्ट शाळाचालकांना सुचली नव्हती. मुख्याध्यापकांना सुचली नव्हती. आणि लिहिताना लाज वाटते, पण ती आम्हांलाही सुचली नव्हती. त्याने ती सुचवल्यावरही आम्ही 'बघू' एवढेच म्हणालो आणि मुख्याध्यापकांकडे शब्द टाकायला धजलो नाही. तो मुलगा शाळेत परत आला नाही.

आम्ही त्याला ज्या शास्त्राचा हवाला दिला, ते शास्त्र आज खरोखरच आले आहे. तो मुलगा आज पंचेचाळिशीत असेल. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२४ साली ह्या यंत्राची देय किंमत सुमारे ९१ हजार डॉलर ठरवली. आपल्या चलनात ही रक्कम पाऊण कोटीच्या घरात जाते. आंब्याच्या झाडावरून, बांधकामाच्या परातीवरून, विजेच्या खांबावरून आणि लोकलच्या दारातून पडणाऱ्या माणसांना ही वार्ता ऐकवून काय उपयोग? आम्ही तेव्हा केले ते हेच होते. उद्याच्या चमत्काराचे आश्वासन देऊन आजच्या कर्तव्यातून आम्ही अंग काढून घेतले. समाजही आज तेच करीत आहे. चालत्या यंत्राची चित्रफीत पाहून आपले डोळे पाणावतात. आणि आपल्याच सोसायटीच्या दाराशी उतार बांधण्याचा ठराव आला की वाहनतळाची जागा जाते म्हणून आपण हात वर करतो, तो विरोधासाठी.

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरण्याजोग्या करण्यास नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ साली निघाले आणि मुदत २०२२ साली सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. ते बंधनकारक करावेत, आणि तेही तीन महिन्यांत. सरकारला दोष देणे सोपे आहे. परंतु न्यायालये, टपालकचेऱ्या, बँका, नाट्यगृहे, आणि मतदान केंद्र म्हणून वापरल्या जाणाऱ्या आमच्या शाळा ह्यांच्या दाराशी उभे राहून पायऱ्या मोजाव्यात. 'पायरी ओळखून वागावे' अशी आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. चाकाच्या खुर्चीवरील नागरिकाला त्याची पायरी दाखवून देण्याचे काम आम्ही दगडांवर सोपवले आहे.

यंत्राच्या बाजूनेही एक इशारा देणे अवश्य आहे. २०२४ सालीच अमेरिकेतील एका माजी जॉकीचे चालण्याचे यंत्र बंद पडले. बिघाड क्षुल्लक होता, मनगटी नियंत्रकातील एका तारेचा. उत्पादकाने मात्र यंत्र पाच वर्षांहून जुने झाले म्हणून दुरुस्ती नाकारली. वर्तमानपत्री बोभाटा झाला तेव्हा कोठे यंत्र सुरू झाले. घरातील पंखा बंद पडला तर मनुष्य उकाडा सोसतो. पाय बंद पडले तर काय सोसावे? जे यंत्र शरीराचा भाग म्हणून विकले जाते, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती ह्यांची हमी धन्याच्या हयातीपर्यंत असलीच पाहिजे. ही यंत्रे आपल्याकडे मोठ्या संख्येने येण्यापूर्वीच असा दंडक घालणे शहाणपणाचे ठरेल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बाह्यसांगाड्यांचे स्वागत असो. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या पुनर्वसन विभागांत अशी काही यंत्रे असावीत, म्हणजे एकाच यंत्राचा लाभ आळीपाळीने अनेकांना घेता येईल. परंतु त्यांच्या आधी, निदान त्यांच्याबरोबर, दर जिल्ह्यात गुटमन ह्यांची ती साधी शिस्त पोहोचली पाहिजे: शय्याव्रण होऊ न देणारी गादी, स्वच्छ कॅथेटर, अंगाला बेतलेली चाकाची खुर्ची आणि कूस बदलण्याची विद्या घरच्यांना शिकवणारी परिचारिका. ह्या गोष्टींची उद्घाटने होत नाहीत, छायाचित्रेही निघत नाहीत. त्यांच्या अभावी माणसे मात्र मरतात. आणि तिसरी गोष्ट ज्याने त्याने आपापल्या उंबरठ्यावर करायची आहे. तिला ना संशोधन लागते, ना परकीय चलन. एक गवंडी आणि चार पोती सिमेंट एवढ्यात ती होते.

शाळांचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. कोणत्या इयत्तेत जिना न चढू शकणारे मूल आहे, हे प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक असते. तो वर्ग तळमजल्यावर आणण्यासाठी कोणत्याही शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही. आम्ही ती पाहिली, आणि एका मुलाचे शिक्षण त्या वाट पाहण्यात संपले. आमच्या व्यवसायबंधूंनी आमच्या ह्या चुकीचे अनुकरण करू नये, एवढीच विनंती.