खाडीचा इतिहास घाटमाथ्यापासून वाचा

१/ किनारपट्टीच्या रक्षणाचा विषय निघाला की आपण इतिहासप्रेमी थेट कुलाबा, खांदेरी, जंजिरा गाठतो. कांदळवन, खाडी, मासे ही जणू त्या चित्रामागची रंगसंगती. आज उलट्या दिशेने जाऊ, खालापूर तालुक्यातील कुंभिवलीकडे. इथून समुद्र दिसत नाही. तरीही धरमतरच्या खाडीचे भवितव्य ठरले ते याच तालुक्यात.

२/ साल १९१५. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी स्वभावतः इंद्रायणी-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळायचे. ते नळांतून घाटाखाली उतरवले गेले आणि वीज निर्माण करून पाताळगंगेत सोडले गेले. पावसाळी नदी बारमाही झाली. पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते, म्हणजे भर वैशाखात खाडीत गोडे पाणी येऊ लागले. गोड्या-खाऱ्याच्या मिश्रणावर जगणाऱ्या जीवसृष्टीच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हे.

३/ पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरी (पाणी उल्हास नदीत), १९२७ मध्ये भिरा (पाणी कुंडलिकेत). तीन केंद्रे, तीन नद्या, तीन खाड्या.

४/ मुळशी सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. सेनापती बापट, बुडणारी गावे, मावळ्यांचा लढा, सारे योग्यच. परंतु तेच पाणी घाटाखाली कुठे पोहोचले, रेवदंड्याच्या खाडीचे काय झाले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात जवळपास नाही. पाणी जिथून गेले तिथला इतिहास लिहिला, जिथे आले तिथला सोडून दिला. ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते.

५/ न आटणारी नदी म्हणजे कारखानदारीला आमंत्रण. खोपोली, रसायनी, बदलापूर, रोहा: नकाशावर या औद्योगिक वसाहती त्याच तीन नद्यांकाठी सापडतील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पाताळगंगाही आहे.

६/ 'कायदे आहेत की' असे उत्तर येईल. आहेत. १९९१ मध्ये किनारा नियमन अधिसूचना आली. कांदळवनतोडीला चाप लावणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. मात्र २०११ च्या अधिसूचनेने खाडीतील किनाऱ्याची हद्द कशी ठरवली ते पाहा: वर्षातील सर्वांत कोरड्या काळात जिथे पाण्याचा खारेपणा हजारी ५ भाग भरतो, तिथवर. वरून गोडे पाणी जितके अधिक, तितकी ही रेषा समुद्राकडे सरकणार. टर्बाइनमधून सुटणाऱ्या पाण्यावर कायद्याची हद्द हलते, आणि रेषेच्या वरच्या अंगाचे सांडपाणी मात्र बिनदिक्कत तिच्याखाली जाते!

७/ हे कोकणापुरते नाही. कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटावर १७ व्या शतकात उसासाठी जंगल तुटले. उघड्या जमिनीची माती पावसाबरोबर समुद्रात जाते आणि गढूळ पाण्यात प्रवाळ गुदमरते. तिथेही घाव जमिनीवरचाच.

८/ म्हणून किनारा व्यवस्थापनाचा आराखडा हरकतींसाठी खुला झाला की केवळ अलिबाग-उरणचे नकाशे पाहू नका. खोपोलीच्या विसर्गाची आणि रसायनीच्या सांडपाण्याची नोंद त्यात कुठे आहे, हे लेखी विचारा.