व्यासांनी परवानगी काढली नव्हती

महाभारताच्या वनपर्वातली एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. द्रौपदीला सौगंधिक कमळे हवी आहेत म्हणून भीमसेन गंधमादन पर्वताच्या वाटेला लागतो. वाटेत एक म्हातारे वानर शेपूट पसरून आडवे पडलेले. भीम गुरकावतो, वानर म्हणते, ‘बाबा, माझ्याने हलवत नाही, तूच जरा सरकव.’ आणि मग तो हजारो हत्तींच्या बळाचा गडी एका शेपटापुढे घामाघूम होतो. ते वानर म्हणजे प्रत्यक्ष मारुतिराय. पुढे दोघा वायुपुत्रांची ओळख पटते, आणि मारुती अर्जुनाच्या ध्वजावर येऊन बसण्याचे कबूल करतो.

आता वाचकहो, जरा विचार करा. मारुती रामायणातला, भीम महाभारतातला. ग्रंथ निराळे, युगे निराळी. तरी दोघे एका पानावर आले. तीच गोष्ट स्यमंतक मण्याची. रामाच्या सैन्यातला जांबवान गुहेत बसून थेट श्रीकृष्णाशी झुंजतो, आणि भागवताच्या हिशेबाने ही कुस्ती तब्बल २८ दिवस चालते. यासाठी व्यासमहर्षींनी वाल्मीकींच्या आश्रमात वकील धाडला होता, असे काही माझ्या वाचनात नाही. करारमदार झाले नाहीत, मानधनाची घासाघीस झाली नाही. ऐकणाऱ्यांना भेट व्हावीशी वाटली आणि सांगणाऱ्याने ती घडवली.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या घरातली बाळगोपाळ मंडळी. त्यांचा वाद मारुती-भीमाचा नसतो. ‘सुपरमॅन आणि हल्क यांची जुंपली तर कोण जिंकेल?’ ‘बॅटमॅनने आणि कॅप्टन अमेरिकाने मिळून पथक काढले तर पुढारी कोण?’ असले प्रश्न जेवणाच्या पानावर निघतात आणि आमटी गार होते. सौभाग्यवतींचा निकाल ठरलेला असतो, ‘जो पानात टाकणार नाही तो जिंकेल.’ पण मला मात्र या वादात भारी रस आहे. कारण हे वीर एकत्र येऊ शकत नाहीत ते त्यांच्यात वैर आहे म्हणून नव्हे. त्यांचे मालक वेगळे आहेत म्हणून.

सुपरमॅन जन्मला १९३८ साली, पाठोपाठ १९३९ मध्ये बॅटमॅन. हे दोघे आज ज्या डीसी नावाच्या पेढीचे. स्पायडरमॅन आला १९६२ मध्ये, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीकडून. तो समोरच्या मार्व्हल पेढीचा. हल्क, थॉर, कॅप्टन अमेरिका ही मंडळीही तिकडचीच. न्यूयॉर्क शहरात या दोन पेढ्यांनी वर्षानुवर्षे दुकाने मांडली. चित्रकार आणि लेखक या जिन्यावरून त्या जिन्यावर चढत-उतरत राहिले. पात्रांना मात्र उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती.

आणि उंबरठा ओलांडल्याचा नुसता संशय आला तर काय होते, हे फॉसेट नावाच्या एका तिसऱ्या पेढीला विचारावे. १९४० साली तिने कॅप्टन मार्व्हल हा वीर काढला. बिली बॅटसन नावाचा एक पोरका मुलगा ‘शझॅम’ असा मंत्र म्हणतो आणि महाबली होतो. मुलांना हा इतका आवडला की खपात तो काही काळ सुपरमॅनच्याही पुढे गेला. झाले! सुपरमॅनच्या मालकांनी नकलेचा दावा ठोकला. तो वर्षानुवर्षे चालला आणि १९५३ मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर मोजून आपला वीर बासनात बांधून ठेवला. पुढे १९७२ साली त्याच जुन्या वैऱ्याने, म्हणजे डीसीने, तो वीर भाड्याने घेतला. पण मधल्या काळात, १९६७ मध्ये, मार्व्हलने ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव स्वतःच्या एका नव्या वीराला देऊन टाकले होते! त्यामुळे डीसीला मासिकावर नाव छापावे लागले ते मंत्राचे. बिऱ्हाड हाती आले, पण दारावरची पाटी शेजाऱ्याने आधीच नेली होती.

अशा दोन घरांत सोयरीक जमायला १९७६ साल उजाडावे लागले. डेव्हिड ऑब्स्ट नावाच्या एका साहित्य-दलालाने ही कल्पना काढली, आणि ‘सुपरमॅन विरुद्ध अमेझिंग स्पायडरमॅन’ हे वर्तमानपत्राएवढ्या रुंद पानांचे जंगी पुस्तक निघाले. किंमत दोन डॉलर. त्या दिवसांत साधा अंक पाव डॉलरच्या आसपास मिळे. लेखक गेरी कॉन्वे, चित्रकार रॉस अँड्रू. दोघांनी दोन्ही घरचे मीठ खाल्लेले, म्हणून दोन्ही पक्षांना चालण्यासारखे.

मला त्यातली कथेपेक्षा व्यवस्था जास्त गमतीची वाटते. लग्नपत्रिकेत वरपक्षाची नावे आधी की वधूपक्षाची, आहेराचा मान कोणाचा, यावरून आपल्याकडे मांडवात काय काय होते ते मी सांगायला नको. इथे तर दोन्ही पक्ष वरपक्षच! आपला वीर हरलेला कोणालाच चालणार नाही. मग कॉन्वेने तोड काढली. सुपरमॅन पर्वत उचलणारा. स्पायडरमॅनचा ठोसा त्याला डास चावल्यासारखा. म्हणून लेक्स लुथर हा दुष्ट शास्त्रज्ञ लपून स्पायडरमॅनवर लाल सूर्याच्या किरणांचा मारा करतो. आणि लाल सूर्य म्हणजे सुपरमॅनच्या शक्तीचे मारक. तेवढ्यापुरता स्पायडरमॅन भारी ठरतो, सुपरमॅनला हवेत भिरकावतो. थोड्याच वेळात किरणांचा अंमल उतरतो आणि पुढच्या ठोशाला हात दुखतो तो मारणाऱ्याचा. मग दोघांना अक्कल येते, हस्तांदोलन होते, आणि लुथर व डॉक्टर ऑक्टोपस या दोघा खलपुरुषांची धुलाई सुरू होते. कोणी हरले नाही, कोणाचा मान गेला नाही, आणि वऱ्हाड जेवून घरी गेले.

पण याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती मला या लढाईपेक्षा मोठी वाटते. सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सिगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण. त्यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. दोघांत मिळून, बरे का! पेढी गब्बर झाली. १९७५ साली सिगल लॉस एंजेलिसमध्ये टंकलेखक कारकुनाची नोकरी करीत होता आणि शूस्टर, ज्याच्या बोटांनी तो लाल झगा पहिल्यांदा रेखाटला, तो जवळजवळ आंधळा झाला होता. सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघणार हे ऐकून सिगलने वर्तमानपत्रांना संतापाचे पत्र धाडले. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांची बाजू लावून धरली, बोभाटा झाला, तेव्हा १९७५ च्या डिसेंबरात मालकांनी दोघांना दरसाल वीस-वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन कबूल केले आणि सुपरमॅनच्या नावाखाली त्यांची नावे पुन्हा छापू लागले. म्हणजे दोन पेढ्यांचे वीर भेटले त्याच हंगामात एक वीर आपल्या बापांनाही भेटला म्हणायचा.

सोयरीक एकदा जमली म्हणजे येणेजाणे वाढते. १९८१ मध्ये बॅटमॅनची हल्कशी गाठ पडली, १९८२ मध्ये एक्स-मेन आणि टीन टायटन्स या दोन तरुण पथकांची. मग ठरला सर्वांत मोठा सोहळा. डीसीचे ‘जस्टिस लीग’ आणि मार्व्हलचे ‘अ‍ॅव्हेंजर्स’, दोन्हीकडचे सारे मानकरी एका मांडवात! चित्रे काढायला निवडला जॉर्ज पेरेझ. गर्दी काढावी तर याने. पन्नास पात्रे एका पानात उभी करील आणि प्रत्येकाच्या पट्ट्याचे बक्कल वेगळे दाखवील, असा हा कारागीर. १९८३ साली त्याची वीस-एकवीस पाने काढूनही झाली होती. तेवढ्यात दोन्ही कचेऱ्यांचे कथानकावरून वाजले आणि लग्न मोडले. पाने कपाटात गेली.

ती हौस पेरेझने वीस वर्षे मनात धरली. २००३ साली दोन्ही घरे पुन्हा बोलू लागली, कर्ट ब्युसिएकने कथा लिहिली आणि चार मोठ्या अंकांत तो सोहळा पेरेझच्याच हातून पार पडला. तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने दोन्ही पथकांत कधीकाळी असलेला एकूण एक गडी बसवला. भिंग घेऊन मोजत बसावे. शेवटच्या लढाईत सुपरमॅनच्या एका हातात थॉरचा हातोडा आहे आणि दुसऱ्या हातात कॅप्टन अमेरिकाची ढाल. थॉरचा हातोडा म्हणजे लायक माणसाशिवाय कोणाला न उचलणारा. लढाई संपल्यावर सुपरमॅन तो पुन्हा उचलायला जातो, तर जागचा हलत नाही! संकटकाळापुरती अट सैल झाली होती, असे थॉर त्याला सांगतो. हे चित्र पाहताना मला गंधमादनावरचा भीम आठवला.

२०२१ च्या डिसेंबरात पेरेझने जाहीर केले की आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे आणि शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही. ते पुस्तक तेव्हा बाजारात मिळत नव्हते, कारण पुन्हा छापायचे तर दोघांनी सही करायला हवी. वाचकांनी मागणी लावून धरली, आणि या वेळी दोन्ही पेढ्या चटकन हलल्या. गरजू चित्रकार-लेखकांना मदत करणाऱ्या ‘हीरो इनिशिएटिव्ह’ या संस्थेसाठी ७००० प्रती काढण्याची परवानगी मिळाली. त्या २०२२ च्या मार्चमध्ये निघाल्या. ६ मे २०२२ रोजी पेरेझ गेला.

मधल्या भानगडी भराभर सांगतो. १९९६ मध्ये दोन पेढ्यांनी जाहीर झुंजी लावल्या आणि पाचांचा निकाल चक्क वाचकांच्या मतांवर सोडला. चार अंकांपैकी पहिला आणि चौथा ‘डीसी विरुद्ध मार्व्हल’ आणि मधले दोन ‘मार्व्हल विरुद्ध डीसी’. पाहा, पुन्हा लग्नपत्रिका! मते मोजली तर सुपरमॅनने हल्कला हरवले, आणि स्टॉर्मने वंडर वूमनला. बळाचा निकाल पेटीत मते टाकून लावायचा हा प्रकार मला काही रुचला नाही; ती निवडणूक झाली, कुस्ती नव्हे. त्यापेक्षा त्याच वर्षीचे जॉन बर्नचे ‘बॅटमॅन आणि कॅप्टन अमेरिका’ कितीतरी सरस. दुसऱ्या महायुद्धातली कथा. जोकर हा बॅटमॅनचा वेडा वैरी रेड स्कलशी हातमिळवणी करतो. पण समोरचा मुखवट्यापुरता नव्हे, खराखुरा नाझी आहे हे कळताच हा खुनी विदूषकही बिथरतो आणि त्याच्यावरच उलटतो. दोन घरची पात्रे एकत्र आणायची ती अशासाठी. एकाला घासल्यावर दुसऱ्याचा खरा रंग दिसावा.

बाकी भांडणाऱ्या या शेजाऱ्यांनी एक जिन्नस मात्र वर्षानुवर्षे सामाईक जपला होता, तो म्हणजे ‘सुपरहीरो’ हा शब्द. त्याची नोंद दोघांच्या जोडनावावर होती, तिसऱ्याने आपल्या मालावर वापरला की नोटीस! २०२४ मध्ये अमेरिकेत ती नोंद रद्द झाली. आणि २०२५ मध्ये दोघांनी पुन्हा मांडव घातला. मार्व्हलने काढला ‘डेडपूल/बॅटमॅन’ आणि डीसीने ‘बॅटमॅन/डेडपूल’. क्रमाचे रहस्य सुज्ञांस सांगणे न लगे.

आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागले, मराठीतही निघत, आणि ते वाचून वाढलेल्यांना असल्या तंट्यांचे नवल वाटेल. कारण वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे दोघेही ली फॉकच्याच लेखणीचे. १९७७ साली वेताळाचे डायनाशी लग्न लागले तेव्हा मँड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. चूल एक असली म्हणजे पंगतीला आडकाठी कसली!

माझ्या मनातल्या जोड्या मात्र कोणी अजून मागितलेल्या नाहीत. बॅटमॅनचा आल्फ्रेड आणि अ‍ॅव्हेंजर्सच्या वाड्यावरचा जार्व्हिस, हे दोघे जुने खानसामे. रक्ताचे डाग कशाने जातात आणि धनी पहाटे येतात तेव्हा जेवण कसे ऊन ठेवावे, यावर त्यांचे एक २० पानांचे संभाषण मी आनंदाने वाचीन.

पण पहिला मान दुसऱ्या जोडीचा. सुपरमॅनची आई मार्था केंट आणि स्पायडरमॅनला वाढवणारी मे काकू. कॅन्ससमधले शेतावरचे घर. बाहेर दोघांची पोरे कुठल्याशा शहरावर आलेले संकट निवारायला गेली आहेत, रेडिओ चालू आहे. मार्थाबाईंना आपला मुलगा कोण ते पहिल्यापासून ठाऊक. मे काकूंना मात्र, त्या कथेतल्या कितीतरी वर्षांप्रमाणे, काहीच ठाऊक नाही. पोरगा छायाचित्रे काढायला जातो, अशक्त आहे, वेळेवर जेवत नाही, एवढेच. त्या काळजीने बोलत आहेत, आणि मार्थाबाईंना सारे माहीत असून सांगता येत नाही. रेडिओवर बातमी येते की इमारत कोसळली, दोघे वीर खाली आहेत. मार्थाबाईंचा हात थांबतो. ‘तुम्हाला काय झाले हो एकदम?’ मे काकू विचारतात. ‘काही नाही,’ त्या म्हणतात, आणि उठून दुसऱ्यांदा कॉफी ठेवतात.