वारशाचा शिक्का आणि पाण्याची पाळी

ओमान म्हटलं की आपल्याला वाळू, तेल आणि मस्कतला नोकरीला गेलेला एखादा मामेभाऊ आठवतो. मीही पोटासाठीच गेलो होतो. सुट्टीत गाडी काढून भटकायचो. तेव्हा कळलेल्या दोन गोष्टी आज सांगतो.

पहिली अरबी ऑरिक्सची. पांढरं अंग, लांब सरळ शिंगं. १९७२ला हा प्राणी रानातून नामशेष झाला. १९८२ साली ओमानने बंदिवासात वाढवलेले ऑरिक्स पुन्हा वाळवंटी माळावर सोडले. १९९४ला ते अभयारण्य जागतिक वारसा यादीत आलं. झालं, आता चिंता मिटली! पण १९९६ला ४५०च्या आसपास असलेली संख्या चोरट्या शिकारीने ६५वर आली. त्यात सरकारने तेलाच्या शोधासाठी अभयारण्याचं ९० टक्के क्षेत्र कमी केलं. २००७ला युनेस्कोने नाव खोडलं. यादीतून बाद झालेली ती जगातली पहिली जागा.

दुसरी फलजची. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर गावात आणणारा पाट, कुठे भुयारी तर कुठे उघडा. पंप नाही, वीज नाही. निझव्याला फलज दारिसच्या काठावर बसलं की बाहेर वाळवंट आहे हेच विसरायला होतं. पाणी आधी पिण्याला, मग खजुरीच्या बागांना. पाळी ठरलेली, पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचे. देशात असे सुमारे ३,००० फलज चालू आहेत. २००६ला यादीत गेले फक्त पाच. बाकीचे शिक्क्याशिवाय वाहतायत, कारण पाट तुंबला तर गावातल्या प्रत्येकाची बाग वाळणार.

म्हणून माझं मत सरळ आहे: वारसा यादीने टिकत नाही, ज्याचा त्यात वाटा असतो तो माणूस टिकवतो.

कोणी म्हणेल, तेल नको का? हवंच. माझा पगारही त्याच पैशातून आला, त्यामुळे मी शहाणपणा शिकवणार नाही. आणि फलजही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत. विहिरी, बोअर खोल गेले, भूजल उतरलं, की पाट कोरडा. वाटा संपला की राखणदारही संपतो.

२०२५च्या जुलैत आपले १२ किल्लेही त्याच यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. स्टेटस मीही ठेवलं, अभिमान मलाही आहे. पण पायथ्याच्या गावाला त्या गडात काय वाटा मिळणार, यावर कोणी बोलताना दिसत नाही. पार्किंगचं कंत्राट बाहेरच्याला आणि कचरा गावाला, असं झालं तर शिक्का काय कामाचा?

एकच विचारतो. तुमच्या जवळच्या गडावरच्या टाक्यातला गाळ शेवटचा कोणी काढला? माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा.